निपाणी–राधानगरी–फोंडा–देवगड : वयस्कर आईवडिलांना घेऊन या रस्त्याने जावं का?

दक्षिणवारी

नमस्कार मंडळी. आम्ही बंगळूरला असतो. मेच्या पहिल्या आठवड्यात देवगडला जायचंय. गाडीत मी, बायको, आठवीतली मुलगी आणि आईबाबा. निपाणीपर्यंत हायवेच आहे, तिथवर प्रश्न नाही. पुढचं ठरत नाहीये. ऑफिसातले सगळे म्हणतात, संकेश्वरवरून आजरा-आंबोली करून सावंतवाडीला उतर आणि हायवेने वर ये. बाबांचं म्हणणं, काही झालं तरी राधानगरीवरून फोंडा घाटानेच जायचं. कॉलेजला ते कोल्हापूरला होते, तेव्हा सुट्टीला याच घाटाने एसटीने गावी उतरायचे. आता त्यांना पंच्याहत्तरावं चालू आहे आणि हा रस्ता त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही.

रस्ता कसा आहे? वाटेत थांबण्यासारखं काय आहे? आणि जंगलातून जाताना भीती वगैरे काही? नियमित जाणाऱ्यांनी सांगितलं तर बरं होईल.

पिकअपवाला

रस्ता चालू आहे. काही ठिकाणी नवा आणि रुंद, काही ठिकाणी जुनाच, त्यामुळे एकसारखा वेग मिळत नाही. तो धरूही नका. दाजीपूरच्या पुढे घाट सुरू झाला की मागून येणाऱ्या लोडच्या गाडीला साइड द्या आणि उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा. सारखा ब्रेक दाबून उतरणाऱ्यांच्या गाड्या खाली फोंड्यात चाकातून वास मारत उभ्या असतात. आणि देवगडकडून मासळीच्या गाड्या वर येतात, त्यांचं पाणी वळणावर सांडलेलं असतं. तिथे टायर घसरतो. दिवसा या, निवांत जाल.

घाटवाट

दक्षिणवारी दादा, बाबांचं ऐका.

माझं माहेर देवगड तालुक्यात, शिरगावच्या अलीकडे. सासर सरवड्याच्या बाजूला. लग्न झाल्यापासून माझं सगळं येणंजाणं या एकाच रस्त्यावर. बाळंतपणाला खाली गेले याच घाटाने, आई गेली तेव्हा रात्रीत उतरले तीही इथूनच. सरकारी दप्तरात हा राज्यमार्ग क्रमांक 178, पण आम्ही देवगड-निपाणी रस्ता एवढंच म्हणतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बहुतेक लोक या रस्त्याकडे समुद्रावर पोचायची वाट म्हणून बघतात. काचा वर करायच्या, राधानगरीत धरणाचा एक फोटो, फोंड्यात चहा, की थेट देवगड. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. घाटावरच्या आणि घाटाखालच्या दोन्ही मुलखांच्या चुली या रस्त्यावर चालतात. तुम्ही मे महिन्यात येताय, तेव्हा तर ते डोळ्यांनी दिसेल. वर चढणाऱ्या पिकअपमध्ये आंब्याच्या पेट्या असतात आणि खाली उतरणाऱ्या गाडीत लाल मिरचीची पोती, गुळाच्या ढेपा. कोकणातला वर्षाचा मसाला मे महिन्यात होतो, पावसाच्या आधी मिरची वाळवून, भाजून, कुटून डब्यात भरायची असते. आणि ती मिरची येते घाटावरून. माझ्या वहिनीला संकेश्वरीच लागते, रंगाला दुसरी थोडी मिसळते. ती पोचवायचं काम इतकी वर्षं माझ्याकडे आहे. येताना पेट्या घेऊन येते.

पेटी घरी आली की सासूबाई कुणाला हात लावू देत नसत. "आंबं उतरीवलं का गं नीट?" हा पहिला प्रश्न. माजघरात पेंढा पसरून अढी घालायच्या, एकेक फळ हातात घेऊन देठापाशी वास घ्यायचा आणि तयार, अर्धवट, कच्चं असे तीन भाग करायच्या. डाग पडलेलं बाजूला, ते आधी संपवायचं. त्यांच्या सबंध आयुष्यात त्या देवगडला एकदाही गेल्या नाहीत, पण कुठल्या वर्षी मोहोर कमी होता आणि कुठल्या वर्षी थंडी लांबली, हे त्या फळावरून सांगायच्या. झेल्याने, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीने, देठासकट काढलेला आंबा कुठला आणि झाड हलवून पाडलेला कुठला, ते तर बघताक्षणी.

आता वाटेचं सांगते.

निपाणी सोडलं की थोड्याच वेळात कर्नाटक संपून महाराष्ट्र लागतो. पाटी सोडली तर फरक कळणार नाही. तीच भाषा, तेच ऊस, तीच नाती. निपाणी ही तंबाखूची पेठ. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तिथे हायवेवर ठिय्या दिला होता. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, त्यात शेतकरी गेले. आमच्याकडची जुनी माणसं अजून त्या दिवसांबद्दल आवाज खाली आणून बोलतात. बाबांच्या वयाच्या माणसाला ते आठवत असणार, मुलीलाही सांगा.

मुरगूडजवळ वेदगंगा लागते, सोळांकूरच्या बाजूला दूधगंगा आणि राधानगरीला भोगावती. एवढ्याशा अंतरात तीन नद्या, आणि तिन्हींचं पाणी शेवटी कृष्णेला जातं. या पाण्यावर आमचा ऊस उभा आहे, बिद्रीचा कारखाना उभा आहे. मेमध्ये गाळप संपलेलं असतं, त्यामुळे ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्यांचा त्रास तुम्हाला होणार नाही. डिसेंबरात आला असता तर त्यांच्यामागेच तास गेला असता.

मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडे आदमापूर. बाळूमामांचं ठिकाण. मामा मूळचे निपाणीजवळच्या अक्कोळचे, धनगर समाजातले. 1966 साली आदमापूरला त्यांनी देह ठेवला. त्यांची मेंढरं अजून आहेत. त्यांचे कळप गावोगाव फिरतात, आणि आपल्या रानात ती बसावीत म्हणून शेतकरी वाट बघतात. आमच्या शेतात एकदा बसली होती. पहाटे सगळ्या शिवारात घंटा वाजत होत्या आणि गावातल्या बाया आरतीचं ताट घेऊन रानात निघाल्या होत्या. एक मात्र बघा : तुमचा दिवस अमावस्येला पडत असेल तर तो बदला. त्या दिवशी तिथे माणसांचा समुद्र असतो, गाडी तासन् तास हलत नाही. रविवारीही सकाळी लवकर पार व्हा. एरवी दर्शन शांत होतं आणि महाप्रसाद असतो.

सरवड्यापासून पुढे ऊस विरळ होत जातो आणि भाताची खाचरं दिसायला लागतात. मेमध्ये ती मोकळी असतात, पण मधेमधे काळे चौकोन दिसतील. तरवा, म्हणजे भाताची रोपं, टाकायची जागा भाजलेली असते ती. त्यावर पहिल्या पावसाआधी बी पडतं.

राधानगरीला थांबाच. आणि धरण म्हणजे पाणी बघायची जागा असं समजून पुढे जाऊ नका. शाहू महाराजांनी हे काम 1909 च्या सुमारास सुरू करवलं. पैशाअभावी 1918 ला ते थांबलं आणि पूर्ण झालं स्वातंत्र्यानंतर, 1957 ला. गावाला नाव मुलीचं, राधाबाईंचं, आणि तलावाला राणीसाहेबांचं, लक्ष्मी तलाव. एका लहान संस्थानाच्या राजाने दुष्काळ बघून एवढं धरण मनात धरावं, याचं मला दर वेळी तितकंच अप्रूप वाटतं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात, बटण नाही, वीज नाही. पाणी उतरलं की आपोआप बंद. एका दरवाज्यातून सेकंदाला 1428 घनफूट पाणी सुटतं. पावसाळ्यात "राधानगरीचे दोन दरवाजे उघडले" ही बातमी आली की कोल्हापुरात पंचगंगेकाठची माणसं सामान माळ्यावर टाकायला लागतात. मेमध्ये तलाव खाली गेलेला असतो, काठाची लाल माती उघडी पडते, त्यामुळे धबधब्यासारखं काही दिसणार नाही. तरी भिंत बघा. आणि 6 मेच्या आसपास येत असाल तर लक्षात असू द्या, 1922 साली त्याच दिवशी महाराज गेले.

राधानगरीच्या पुढे तुमचा खरा प्रवास सुरू होतो. फेजिवडे सोडलं की तलावाच्या कडेकडेने रस्ता जातो, हळूहळू झाडी दाटते, गाडीतलं बोलणं आपोआप कमी होतं. हे राधानगरी अभयारण्य. 1958 साली दाजीपूरला गव्यांसाठी ते जाहीर झालं, राज्यातलं सगळ्यात जुनं. 1985 ला वाढवून 351 चौरस किलोमीटर केलं. 2012 ला पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला, त्यात हेही आहे. हे सगळं पाटीवर लिहिलेलं सापडेल. पाटीवर लिहिलेलं नसतं ते हे, की या जंगलाच्या कडेने माणसं राहतात. ओलवण, दाजीपूर, हसणे, धनगरवाडे. गवा जंगलात असतो तेव्हा तो सगळ्यांना हवा असतो. तोच रात्री कळपाने उसात आणि भातात उतरला की माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या घरात झोप नसते. आम्ही शेतात माच्यावर डबे बडवत रात्री काढल्यात. तरी आमच्याकडचं कुणी गव्याच्या वाईटावर नाही. आमच्या अगोदर तोच इथे होता, एवढं सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून एक हात जोडून सांगणं. संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर आणि पहाटे या पट्ट्यातून जाऊ नका. तहानलेली जनावरं तेव्हा पाण्याकडे निघतात, आणि मेमध्ये पाणी तलावातच असतं, म्हणजे रस्ता ओलांडूनच जावं लागतं. वेगात आलेल्या गाडीने उडवलेलं जनावर मी रस्त्याच्या कडेला पडलेलं पाहिलंय. एक मादी होती, गाभण. ते दृश्य मी अजून विसरलेली नाही. गाडीवाला थांबला नव्हता.

दाजीपूरच्या आसपास बायका करवंदं आणि जांभळं घेऊन बसलेल्या असतात, पानांच्या द्रोणात. घ्या. घासाघीस करू नका. पहाटे उठून काट्यात हात घालून ती काढलेली असतात आणि हा महिना-दीड महिना सोडला तर त्यांच्या हातात रोख पैसा येत नाही.

घाट उतरताना उजव्या-डाव्या हाताला कोकण उघडं पडतं. हवा बदलते, अंग चिकट व्हायला लागतं, माझ्या मुलांना लहानपणी इथेच मामाचं गाव सुरू व्हायचं. खाली फोंडा. मोठी बाजारपेठ आहे, जुनी आहे. बैलगाड्यांच्या काळात घाट चढायच्या आधी आणि उतरल्यावर सगळी इथेच थांबत. जेवण इथे करा. उकड्या तांदळाचा भात, सोलकढी, मासे आले असतील तर मासे. पुढे नांदगाव तिट्ट्याला मुंबई-गोवा हायवे आडवा जातो, तो सरळ ओलांडायचा. असलदे, शिरगाव, तळेबाजार, जामसंडे, देवगड.

शिरगावपासून जमीन बघत चला. जांभा दगड, उघडा कातळ, उन्हात तापलेला. त्यावर ही कलमं उभी आहेत. माझ्या आजोबांनी कातळ फोडून खड्डे केले, बाहेरून माती वाहून आणून भरली, आणि पहिली काही वर्षं आजीने घागरीने पाणी घातलं. लोकांना आंब्याचा भाव जास्त वाटतो तेव्हा मला हे खड्डे आठवतात.

तंबाखूची पेठ

निपाणीचा आहे म्हणून थोडी भर. घाटवाट ताईंनी शेतकऱ्यांचं सांगितलं, त्याबरोबर विडी वळणाऱ्या बायकांचंही नाव घ्यायला हवं. या गावाचा संसार त्यांच्या बोटांवर चालला. माझी आई त्यातलीच. मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू, आणि दिवसभर हात चालू.

मिरची घेणार असाल तर बाजारात देठासकटची, वाळलेली बघून घ्या. मुठीत दाबली की कडकड वाजली पाहिजे. दमट असेल तर गाडीच्या उष्णतेत दोन दिवसांत बुरशी धरते.

रानवाटा_कोल्हापूर

गगनबावड्याचा करूळ घाटही पर्याय आहे असं कुणी सांगेल. चांगला घाट आहे, पण तुम्हाला निपाणीवरून उलटं कोल्हापूरला वर यावं लागेल, काही फायदा नाही. 2024 मध्ये करूळ कामासाठी बंद झाला तेव्हा तिकडची वाहतूक फोंड्यावर आणि भुईबावड्यावर आली होती, त्या काळातल्या कोंडीचे अनुभव वाचून घाबरू नका. फक्त निघायच्या आदल्या दिवशी घाट सुरू असल्याची खात्री करा. हे कुठल्याही घाटाला लागू.

दक्षिणवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. घाटवाट ताई, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. दरवाज्यांपाशी त्यांनी मला थांबवलं आणि पुढचं स्वतः सांगायला लागले. आमचं ठरलं, फोंड्यानेच.

आता बारीक शंका. आईला वळणांचा त्रास होतो, गुडघेही दुखतात. एका दमात जावं की राधानगरीला मुक्काम करावा? मुलीला गवा बघायचाच आहे. आणि तुमच्या वहिनींसाठी तुम्ही मिरची नेता तशी आम्हाला आमच्या काकूंना न्यायची आहे, ती किती न्यावी हे काही कळत नाही.

घाटवाट

मुक्काम करा. सकाळी निघून दुपारी निपाणी, संध्याकाळच्या आत राधानगरी. तिथे राहायची सोय होते, पण मेमध्ये सुट्ट्या असतात म्हणून आधी ठरवून या. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर निघा, म्हणजे जंगलाचा पट्टा उजेडात आणि घाट आई ताजीतवानी असताना उतरून होईल. त्यांना पुढच्या सीटवर बसवा, सकाळी पोटात काहीतरी कोरडं असू द्या, आवळासुपारी किंवा लिंबाची फोड हातात द्या. आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्या तेवढ्यावर घाट उतरतात. बाबांना मात्र मागे खिडकीत बसवा, दरीच्या बाजूला.

गव्याचं म्हणाल तर मुलीला घेऊन दाजीपूरला वनखात्याच्या गाडीतून आत जा. सावराई सडा, ठक्याचा वाडा या बाजूला नेतात. सड्यावर उभं राहिलं की लांबवर दिसतो कधीकधी. दिसेलच असं कुणीही छातीठोक सांगणार नाही. आत रस्ता खडबडीत आहे, आईला नेऊ नका, त्या आणि बाबा बाहेर थांबतील. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, तुम्ही मेमध्ये येताय म्हणून हे शक्य आहे. वाटेत रस्त्यावरच गवा आला तर गाडी लांब थांबवा, काचा वर, हॉर्न नाही, लाइट मारायचा नाही, फोटोसाठी दार उघडायचं नाही. तो उभा राहून बघतो. बघू द्या. वाट मोकळी वाटली की स्वतःच निघून जातो. पिल्लू बरोबर असेल तर आणखी मागे या.

खाण्याची पाकिटं, बाटल्या गाडीतच ठेवा. माकडांना काही टाकू नका, मुलीलाही आधी सांगून ठेवा. लोक बिस्किटं टाकतात म्हणून ती वळणावर येऊन बसतात आणि चाकाखाली जातात.

बाबांसाठी एक. दाजीपूरजवळ शिवगडाच्या बाजूला उगवाईदेवीचं देऊळ आहे. तिथवर चालणं त्यांना झेपत नसेल तर जाऊ नका, पण रस्त्यावरून हात जोडा म्हणावं. जुनी माणसं घाट उतरायच्या आधी जोडायची, त्यांना आठवेल. माझा भाऊ अजून फोन करून बजावतो, "राती घाटान येव नको गो," आणि मी निघाले की आमच्या घरातलं कुणीतरी देवीचं नाव घेतंच.

मिरचीचं. काकूंना आधी फोन करून विचारा. त्या किती माणसांचा मसाला करतात, संकेश्वरी वापरतात की ब्याडगी, दोन्ही मिसळतात का. कोकणात प्रत्येक घराचं प्रमाण ठरलेलं असतं, आपण आपल्या मनाने नेलं तर ते पडून राहतं. साधारण चार-पाच माणसांच्या घरी दोन किलो मिरची वर्षभर पुरते. सुती पिशवीत बांधा, प्लॅस्टिक नको. आणि गाडीत मागे ठेवा, पुढे ठेवलीत तर सगळे शिंकत याल आणि आईला आणखी त्रास होईल. जोडीला एक गुळाची ढेप न्या. सरवड्याच्या आसपास गुऱ्हाळं आहेत, मेमध्ये चालू नसतील, पण दुकानात मिळते. फार पिवळीधमक बघून घेऊ नका. जरा काळपट, तपकिरी घ्या, ती चवीला खरी.

परतताना आंबे नेणार असाल तर बंगळूरपर्यंतचा प्रवास धरून अर्धकच्चेच घ्या. बागवाल्याला सांगा कुठे न्यायचेत ते, तो बरोबर निवडून देईल. रस्त्यावर देवगडच्या नावाने काहीही विकतात, म्हणून शक्यतो जामसंडे-देवगडात बागेतून किंवा ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. पेटी डिकीत तापलेल्या पत्र्याला लावून ठेवू नका, खाली पेंढा नाहीतर चादर घाला.

डिझेल-पेट्रोल राधानगरीतच भरा आणि मोबाइलवर नकाशा आधी उतरवून ठेवा. दाजीपूरच्या पट्ट्यात रेंज जाते, फोंड्याच्या जवळ आलात की परत येते.